शिकाऊ वैमानिकाच्या शेजारी कोण बसते?

तुमच्या वर्गात 'मी वैमानिक होणार' असे सांगणारा एखादा विद्यार्थी असेलच. तुला कोणते विमान चालवायचे आहे, असे त्याला विचारून पाहा. तो बोइंग म्हणेल, एअरबस म्हणेल, नाहीतर एखाद्या लढाऊ विमानाचे नाव घेईल. आता दुसरा प्रश्न विचारा : पहिल्या दिवशी तू ज्या विमानात बसशील ते कोणते असेल, आणि तुझ्या शेजारच्या आसनावर कोण बसलेले असेल? या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळणार नाही. माझ्या मते हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. वैमानिक घडतो तो पहिल्या वीसतीस तासांत, एका लहानशा हलक्या विमानात, एका शिक्षकाच्या शेजारी बसून. आणि नेमक्या याच दोन गोष्टी, लहान विमान आणि पहिला शिक्षक, विमानविद्येच्या व्यवहारात सर्वांत खालच्या पायरीवरच्या समजल्या जातात. हे चुकीचे आहे असे मला वाटते. का, ते सांगतो.

उदाहरण अमेरिकेचे घेऊ, कारण हौसेने विमान चालविणाऱ्यांची परंपरा तेथे मोठी आहे. २००४ साली तेथील विमान वाहतूक प्रशासनाने 'लाइट स्पोर्ट' विमानांचा एक वेगळा वर्ग ठरविला. अशा विमानाचे उड्डाणाच्या वेळचे सर्व वजन १३२० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ६०० किलोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. आसने दोन, एंजिन एक, चाके पोटात न घेता खालीच राहणारी, आणि सपाट उड्डाणातील वेग जास्तीत जास्त १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर. ही विमाने चालविण्यासाठी 'स्पोर्ट पायलट' नावाचा सोपा परवानाही त्याच वेळी निघाला. त्याला निदान वीस तासांचे उड्डाण लागते. त्यांतले पंधरा शिक्षकाबरोबर आणि पाच एकट्याने. २०२५ मध्ये हे नियम पुष्कळ सैल झाले. आता वजनाऐवजी विमान किती कमी वेगापर्यंत हवेत तग धरते ही मुख्य कसोटी मानली जाते, आणि त्यामुळे सेस्ना १५२ सारखी जुनी, थोडी जड शिकाऊ विमानेही या परवान्यावर चालविता येतात.

नियम नवा असला तरी असे विमान नवे नाही. पायपर कंपनीचे 'कब' हे पिवळे विमान ६५ अश्वशक्तीच्या एंजिनावर उडे आणि त्याचे एकूण वजन ५५३ किलोग्रॅम भरे. १९४७ पर्यंत अशी जवळजवळ वीस हजार विमाने बनली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हजारो अमेरिकन तरुण त्यांवरच उडावयास शिकले.

आजच्या हलक्या विमानांपैकी पुष्कळांत रोटॅक्स ९१२ हे चार सिलिंडरांचे एंजिन असते. त्याच्या शंभर अश्वशक्तीच्या प्रकाराविषयी एक गणित तुम्ही वहीत करून पाहण्यासारखे आहे. हे एंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरते. प्रॉपेलरचा व्यास १.७ मीटर धरा. तो सरळ एंजिनाच्या दांड्यावर बसविला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ५१६ मीटर होईल. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर! टोके ध्वनीच्या पुढे गेली की नुसता कर्कश आवाज वाढतो आणि ओढण्याची शक्ती वाया जाते. म्हणून मध्ये दातेरी चाके घालून फेऱ्या २.४३ पटींनी कमी करतात. आता टोकाचा वेग किती होतो? सुमारे २१२ मीटर. हे उत्तर तुमचे तुम्ही ताडून पाहा.

आता शिक्षकाकडे वळू. त्याचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो, कारण उन्हाळ्यात ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर उठू लागतात आणि हलके विमान त्यांवर पाण्यातल्या पानासारखे हलते. पहिला धडा जमिनीवरच. टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल एका पारदर्शक पेल्यात काढून प्रकाशात पाहायचे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते खाली वेगळे दिसते. मग प्रत्येक बिजागरी, प्रत्येक खिळा, टायर. रोटॅक्स एंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत असते. त्याची पातळी पाहण्यापूर्वी प्रज्वलनाची कळ बंद असल्याची खात्री करून, प्रॉपेलर हाताने सावकाश फिरवीत राहावे लागते. टाकीतून 'गुडगुड' असा आवाज आला, की तेल परत टाकीत आले असे समजायचे. हा आवाज ऐकायला विद्यार्थ्याला शिकविणे हे शिक्षकाचे कामच आहे.

त्यानंतर वजनाचा हिशेब. समजा, रिकाम्या विमानाचे वजन ३७५ किलोग्रॅम आहे आणि मर्यादा ६०० ची. उरले २२५. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही ९५ किलोग्रॅमचे असले तर उरतात ३५. एक लिटर पेट्रोल सुमारे ०.७२ किलोग्रॅम भरते; म्हणजे साधारण ४८ लिटर पेट्रोल घेता येईल. तासाला वीस लिटर लागते असे धरले, तर दोन तास चोवीस मिनिटे. त्यातून अर्ध्या तासाचा साठा राखून ठेवायचा. टाकी मोठी आहे म्हणून भरून टाकली, तर विमान मर्यादेबाहेर जाते. तिसरी-चौथीतली वजाबाकी आहे ही, पण ती रोज सकाळी न चुकता करावी लागते.

आणि एवढे झाल्यावर वारा वाढला किंवा ढग खाली उतरले, तर त्या दिवशी उड्डाण नाही. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी या शिक्षकाला महिन्याचा पगार नसतो. शिकविलेल्या तासांचे पैसे मिळतात. पाऊस पडला की त्याची रोजी बुडाली.

उड्डाणात शिक्षकाचे हात कुठे असतात? मांडीवर. पण नियंत्रणदांड्यापासून वीतभरच दूर. विमान कोणाच्या हातात आहे याविषयी क्षणभरही संशय राहू नये म्हणून एक पद्धत ठरलेली आहे. शिक्षक म्हणतो, "विमान तुझ्याकडे." विद्यार्थी म्हणतो, "विमान माझ्याकडे." शिक्षक पुन्हा म्हणतो, "विमान तुझ्याकडे." तीनदा बोलल्याशिवाय देवघेव पुरी होत नाही. यात खरी अवघड गोष्ट असते ती परत केव्हा घ्यायचे ही. फार लवकर घेतले तर विद्यार्थ्याला आपली चूक दिसतच नाही. फार उशिरा घेतले तर चाके मोडतात, कधी त्याहून वाईट होते. विमान सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने धावपट्टीच्या जवळ येत असताना हा निर्णय घ्यायला दोनएक सेकंद मिळतात. असा निर्णय दिवसात पंधरा-वीस वेळा घेणाऱ्या माणसाला आपण 'नुसता शिकविणारा' म्हणतो!

हलके विमानच का, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. विमानाचे वजन पंखांच्या क्षेत्रफळाने भागले, की दर चौरस मीटरवर किती भार आहे ते कळते. सहाशे किलोग्रॅमच्या विमानाचे पंख बारा चौरस मीटरांचे असतील तर हा भार ५० येतो. बोइंग ७३७-८०० चे पूर्ण वजन सुमारे ७९ हजार किलोग्रॅम आणि पंख सुमारे १२५ चौरस मीटर; तेथे तो ६३० च्या घरात जातो. वाऱ्याचा जो झोत बोइंगला जाणवतही नाही तो हलक्या विमानाला पतंगासारखा उचलतो. आडव्या वाऱ्याचेही तसेच. ताशी २० किलोमीटरचा आडवा वारा असेल आणि विमान ताशी ९० ने उतरत असेल, तर सरळ रेषेत येण्यासाठी नाक वाऱ्याकडे सुमारे १३ अंश वळवून धरावे लागते. ताशी २५० ने येणाऱ्या विमानाला तेच साडेचार अंश पुरतात. साइनचे कोष्टक उघडा, पटेल.

तेव्हा हलके विमान चालवायला सोपे असते हा समज अर्धाच खरा आहे. ते हळू चालते म्हणून विचार करायला वेळ देते, हे खरे. पण ते काही झाकूनही ठेवीत नाही. डावीकडे वळण्यासाठी दांडा डावीकडे केला, की उजव्या पंखाचे उत्थापक बल वाढते. त्याबरोबर त्या पंखाला होणारा हवेचा अडथळाही वाढतो, आणि विमानाचे नाक आधी भलत्याच, म्हणजे उजव्या बाजूला सरकते. ते आवरण्यासाठी पायाने सुकाणू दाबावे लागते. मोठ्या जेट विमानांत हे काम यंत्रे परस्पर करतात. हलक्या विमानात ते पायांनीच करायचे असते, आणि केले नाही तर बसल्या जागी शरीर एका बाजूला कलते. पुस्तकातले वाक्य विसरता येते, हे कलणे विसरत नाही.

आणखी एक गंमत पाहा. पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या दिवशी शिक्षक उतरतो, दार लावतो आणि बाजूला उभा राहतो. ८० किलोग्रॅमचा माणूस उतरला म्हणजे सहाशेतला सातवा-आठवा भाग कमी झाला! विमान लवकर जमीन सोडते, झपाट्याने वर चढते आणि उतरताना खाली बसायलाच तयार होत नाही. शिक्षकाने हे आधी सांगितलेले असते. अमेरिकेत एकट्याच्या पहिल्या उड्डाणानंतर विद्यार्थ्याच्या सदऱ्याचे मागचे टोक कापण्याची चाल आहे. जुन्या विमानांत विद्यार्थी पुढे आणि शिक्षक मागे बसे, एंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू जात नसे; तेव्हा शिक्षक मागून सदरा ओढून लक्ष वेधी. आता ओढायला कोणी नको, म्हणून टोक कापायचे, असे या चालीचे कारण सांगतात.

पण माझ्या म्हणण्याचा गाभा 'स्टॉल' या एका शब्दात आहे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यामधल्या कोनाला वैमानिक 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. हा कोन वाढवीत गेले तर उत्थापक बल वाढत जाते, पण साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंतच. त्यापुढे पंखाच्या वरच्या अंगावरून वाहणारी हवा पृष्ठभागापासून सुटते, उत्थापक बल घसरते आणि विमान खाली पडू लागते. एंजिन चालू असते, तरीही! अशा वेळी मनुष्यस्वभाव काय सांगतो? नाक खाली जाते आहे, तर दांडा मागे ओढ. ओढल्याने कोन आणखी वाढतो आणि स्टॉल आणखी घट्ट होतो. खरा उपाय उलटा आहे : दांडा पुढे करायचा, कोन कमी करायचा, हवा पंखाला पुन्हा चिकटू द्यायची. जमिनीकडे पडत असताना नाक आणखी जमिनीकडे करायचे, हे डोक्याला पटले तरी हाताला पटत नाही. ते हाताला पटविण्याचे काम उंच हवेत, पुन्हा पुन्हा, शिक्षक करीत असतो. वुल्फगांग लँगविश या वैमानिकाने १९४४ साली 'स्टिक अँड रडर' या पुस्तकात याच कोनाला उड्डाणकलेच्या केंद्रस्थानी ठेवले. ते पुस्तक आजही शिकाऊ वैमानिकांच्या हाती दिसते.

२००९ सालच्या दोन अपघातांकडे पाहा. १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान उतरण्याच्या तयारीत असताना त्याचा वेग कमी झाला. स्टॉलची सूचना म्हणून दांडा थरथरू लागला. कप्तानाने तो पुढे करण्याऐवजी मागे ओढला. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, अशी पन्नास माणसे मृत्यू पावली. त्याच वर्षी १ जूनला रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकवर होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले आणि स्वयंचलित चालक आपोआप सुटला. नळ्या मिनिटाभराच्या आत मोकळ्या झाल्या. पण तोवर नाक वर उचलले गेले होते आणि विमान स्टॉलमध्ये गेले. ३८ हजार फुटांवरून समुद्रापर्यंत सुमारे साडेतीन मिनिटे ते पडत राहिले. बहुतेक वेळ दांडा मागेच ओढलेला होता. २२८ माणसे गेली. दोन्ही अपघातांना इतरही कारणे होती आणि मेलेल्या वैमानिकांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे मला बरे वाटत नाही. पण पहिल्या वीस तासांत शिकवायचा धडा ऐन वेळी हाताला आठवला नाही, हेही नाकारता येत नाही.

यावर अमेरिकेने काय केले? २०१३ पासून प्रवासी विमानातील सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव असलाच पाहिजे असा नियम केला. पूर्वी २५० तास पुरत. हेतू चांगला होता. परंतु बफेलोच्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा जास्तच होते! म्हणजे उणीव तासांची नव्हती. आणि नियमाचा दुसरा परिणाम असा, की अडीचशे तासांचा परवाना मिळविलेले तरुण उरलेले बाराशे-साडेबाराशे तास भरून काढण्यासाठी शिक्षक होतात. विद्यार्थ्याच्या शेजारी बसले तरी तास मोजला जातो ना! तास भरले की ते विमान कंपनीत जातात आणि त्यांची जागा दुसरा अडीचशे तासवाला घेतो.

हे वाचणाऱ्या शिक्षकांना एक गोष्ट ओळखीची वाटेल. पहिलीच्या वर्गाला सर्वांत नवखा गुरुजी द्यायचा आणि जुना, मुरलेला शिक्षक दहावीसाठी राखून ठेवायचा, ही रीत पुष्कळ शाळांतून चालते. अक्षर वळविण्याचे वय निघून गेल्यावर मग सुंदर अक्षराची अपेक्षा करायची.

तरुण शिक्षकात गुण नसतात असे मी म्हणत नाही. त्याला आपली स्वतःची अडचण ताजी आठवत असते आणि उत्साहही असतो. माझा आक्षेप त्याच्या वयाला नाही, शिकविणे ही केवळ जाण्याची शिडी करणाऱ्या व्यवस्थेला आहे. दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. काहीजण म्हणतात, की ज्याला पुढे संगणकावर चालणारे विमान चालवायचे आहे त्याला शंभर अश्वशक्तीच्या विमानात कशाला घोळवत ठेवायचे? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ साली एक असा परवाना मान्य केला, की ज्यातील बरेचसे शिक्षण जमिनीवरच्या आभासी विमानात होते. हा विचार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दोन वैमानिकांनी मिळून काम कसे करावे, आग लागली तर काय करावे, हे आभासी विमानात जितके चांगले शिकविता येते तितके खऱ्यात येत नाही. खऱ्या विमानाला मुद्दाम आग कोण लावील? परंतु तेथे पोटात गोळा येत नाही. जमिनीवरच्या खोलीत बसलेल्याला आपण मरणार नाही हे पक्के माहीत असते. भीती वाटत असताना हात पुढे करायला शिकणे, हे खऱ्या हवेतच होते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पहिल्या वीस तासांच्या शिक्षकाला कंपनीच्या वैमानिकाशी तुलना करता येईल असे वेतन द्यावे, म्हणजे ज्याला शिकविण्यात गोडी आहे तो तेथे राहील. विमानांच्या किमतीपुढे ही रक्कम फार नाही. अमेरिकेच्या स्पोर्ट नियमांचा एक फायदा मला यासाठीच मोलाचा वाटतो : या वर्गात वैद्यकीय दाखल्याऐवजी मोटार चालविण्याचा परवाना चालू शकतो, त्यामुळे वयस्क शिक्षकही शिकवीत राहू शकतात. त्यांना आता कोठे जायचे नसते.

आपल्याकडे ही विद्या अनोळखी नाही. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला आणि जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळविला तो तेथेच शिकून. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थानच्या कारखान्यात 'पुष्पक' हे ९० अश्वशक्तीचे दोन आसनी विमान बनले. ते १९५८ मध्ये प्रथम उडाले आणि देशभरच्या क्लबांतून शिकविण्यासाठी वापरले गेले. त्यानंतर बंगळूरच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने 'हंसा' तयार केले. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तास लागतात, आणि त्यासाठी आईबापांना फार मोठी रक्कम मोजावी लागते.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी उद्या एखाद्या उड्डाणशाळेत चौकशीला गेला, तर विमानातले चकचकीत पडदे जरा नंतर पाहा. आधी विचारा, की येथे शिकविणारे किती वर्षे शिकवीत आहेत? एका विद्यार्थ्याला एकच शिक्षक शेवटपर्यंत असतो का? स्टॉल किती वेळा करून घेतात, आणि आडवा वारा असेल त्या दिवशी विमाने हँगरातच ठेवतात की अनुभवी शिक्षक विद्यार्थ्याला घेऊन बाहेर पडतो? जमले तर धावपट्टीच्या कुंपणापाशी तासभर उभे राहा आणि उतरणारी विमाने मोजा. टेकल्यावर पुन्हा उसळले तर बिघडत नाही. त्यानंतर विमान थांबल्यावर दोघेजण खाली उतरून किती वेळ बोलत उभे राहतात, ते पाहा.